“मॅडम, तुम्ही सांगा की, आम्ही लिहून घेतो”

पत्राचा सारांश: सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या एका शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्गात साठच्या आसपास मुलं. बरीचशी शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. इतकी वर्षं बाई धड्याची प्रश्नोत्तरं सांगून लिहून देत होत्या. यंदा जूनपासून त्यांनी ते बंद केलं आणि मुलांना सांगितलं, “मी शिकवते, तुम्ही महत्त्वाचं ते टिपून घ्या.” आता निम्मा वर्ग पेन खाली ठेवून बसतो. काही मुलं शब्दन् शब्द पकडायला जातात आणि तिसऱ्या वाक्याला मागं पडून नाद सोडतात. उरलेली फक्त फळ्यावरचं उतरवतात. एका मुलीची वही इतकी देखणी की मुख्याध्यापकांनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली. पण त्याच पानावरचा साधा प्रश्न विचारला तर तिला सांगता आलं नाही. पालकांच्या ग्रुपवर रोज “मॅडम, नोट्स टाका” चालू आहे. शेजारच्या वर्गाचे ज्येष्ठ सर म्हणतात, “पोरांना पास व्हायचंय. लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. नाहीतर अभ्यासक्रम संपणार नाही.” गैरहजर राहणाऱ्या मुलांचाही पत्रात ओझरता उल्लेख आहे. बाई विचारतात: या मुलांना टिपणं घेता येतच नाहीत का? मी पुन्हा लिहून द्यायला लागू का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पूर्वीसारखं लिहून द्यायला लागू नका. पण जूनपासून जे चाललंय तेही तसंच पुढे रेटू नका. “महत्त्वाचं ते टिपून घ्या” ही सूचना ऐकायला सोपी वाटते, पाळायला फार अवघड आहे. एखाद्या विषयातलं महत्त्वाचं काय, हे तो विषय थोडाफार कळल्यावरच कळतं. मुलं तर तो पहिल्यांदाच ऐकताहेत. त्यांच्या कानाला सनावळी, नावं, कारणं, तुम्ही मध्येच सांगितलेली गोष्ट, सगळं सारख्याच वजनाचं वाटतं. मग एकतर सगळं लिहायचं, नाहीतर काहीच नाही. तुमच्या वर्गात नेमकं हेच झालंय. हा मुलांचा आळस मला वाटत नाही.

आता पहिला प्रश्न, मुलांना टिपणं घेता येतात की नाही. याच मुलांपैकी एखाद्याला आई किराणा आणायला पाठवते तेव्हा काय होतं बघा. आई स्वयंपाकघरातून बोलत असते: ते दुकान बंद असेल तर कोपऱ्यावरचं बघ, मागच्या वेळेस डाळ खडेवाली दिली होती, आज पाहुणे यायचेत म्हणून साखर जरा जास्त आण. पोरगं चिठ्ठीवर लिहितं: तूरडाळ १ किलो (बघून), साखर २, शेंगदाणे. आईचं एकही वाक्य त्यानं पूर्ण लिहिलेलं नसतं आणि तरी काही राहून गेलेलं नसतं. काय गाळायचं, काय ठेवायचं, “बघून” हा शब्द कंसात का टाकायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पण पाच मिनिटांनी दुकानात उभं राहून ही चिठ्ठी आपल्यालाच वाचायची आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं.

वर्गातल्या वहीचं तसं आहे का? तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून स्पष्ट विचारते. आपल्याकडे वही लिहिली जाते, गठ्ठा होऊन स्टाफरूममध्ये जाते, “अपूर्ण”, “अक्षर सुधारा” असे लाल शेरे आणि सही घेऊन परत येते. परीक्षा आली की मूल गाइड उघडतं. वर्षभरात त्या वहीत काही शोधायची, तिच्यावरून काही सांगायची वेळ मुलावर किती वेळा येते? पहिलीपासून ते वही लिहितंय ती तपासणाऱ्या माणसासाठी. तुम्ही जूनमध्ये एका वाक्यात सांगितलंत की आता स्वतःसाठी लिहा, पण त्या वहीचा स्वतःला उपयोग काय, हे त्याला अजून दिसलेलंच नाही. सगळ्या पत्रातली ही गाठ मला मुख्य वाटते. मुलांनी लिहावं कसं, हे त्यानंतरचं. लिहिलेल्याचं वर्गातच, त्याच तासाला किंवा दुसऱ्या दिवशी काम पडलं पाहिजे. तसं झालं की लिहिण्याची पद्धत शिकवायला जागा तयार होते, आणि ती पद्धत मात्र शिकवावीच लागते.

देखण्या वहीच्या मुलीबद्दल तुम्ही फार काळजीनं लिहिलंय. तिला काही समजत नाही, असा निष्कर्ष लगेच काढू नका. घरी तेलुगू बोलणारी मुलगी मराठीत ऐकते, ऐकलेलं मनात लावते, शुद्धलेखन सांभाळते, समास सोडते, शीर्षकाखाली रेघ मारते, आणि हे सगळं एकाच वेळी. सगळं लक्ष हाताकडे गेलं तर कानाकडे काय उरणार? तिनं शाबासकी मिळेल ते केलं. अक्षराचं कौतुक झालं, तिनं अक्षर जपलं. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या निम्म्या वर्गासाठी पहिला बदल हा करा, की ऐकणं आणि लिहिणं वेगळं करा. तुम्ही बोलत असताना पेन बाकावर. आठ-दहा मिनिटं बोला, मग थांबा, दोन मिनिटं द्या. या दोन मिनिटांत तुम्ही बोलायचं नाही. मुलं आठवून लिहितील, शेजाऱ्याच्या वहीत बघतील, राहिलेलं भरतील. बघू द्या, ती कॉपी नाही. अमेरिकेत रुल, ह्यूजेस आणि श्लॉस या संशोधकांनी १९८७ मध्ये कॉलेजच्या वर्गात असंच करून बघितलं होतं. व्याख्यानात तीनदा दोन-दोन मिनिटं थांबायचं आणि मुलांनी जोडीनं आपापली टिपणं पडताळायची. न थांबता शिकवलेल्या वर्गापेक्षा या मुलांच्या लक्षात जास्त राहिलं. तुमची मुलं लहान आहेत आणि भाषेचं ओझं वेगळं आहे, तेव्हा त्यांना या थांबण्याची गरज जास्तच.

पेन खाली ठेवायला लावलंत की पहिल्या दिवशी मुलं घाबरतील. “मॅडम, राहून जाईल.” राहू द्या. दोन मिनिटं मिळणार आहेत हे दोन-तीन तासांत त्यांच्या अंगवळणी पडतं.

पद्धत शिकवायची म्हणजे काय, ते एका धड्यावर दाखवते. आठवीला सविनय कायदेभंगात सोलापूर येतंच. तुम्ही वर्गात साधारण असं बोलत असाल: “५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. बातमी आली आणि सोलापूर पेटलं. इथं गिरणी कामगार चळवळीत पुढं होते. ६ मेला हरताळ पाळला. पुढं मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे आणि आणखी काही जण गेले. लोक चिडले, पोलीस ठाण्यांवर, कोर्टावर हल्ले झाले. मग सरकारनं मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. आपल्याकडे चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत ना, ते यांचेच.”

शब्दामागं धावणाऱ्या मुलाच्या वहीत यातलं काय उतरतं? “५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी आली आणि सोलापूर पेटलं. इथं गिरणी कामगार चळवळीत...” मग दोन ओळी रिकाम्या, मग एकदम “येरवडा”. ते सुरुवात लिहीत होतं तेव्हा तुम्ही गोळीबारापर्यंत पोचला होतात. आपण मिनिटाला शंभराच्या वर शब्द सहज बोलतो. आठवीतलं मूल नीटनेटकं लिहीत असेल तर वीसच्या आसपास लिहितं. ही शर्यत कुठलंच मूल जिंकणार नाही.

आता असं पान बघा:

गांधी अटक, ५ मे ३० → सोलापूर हरताळ, ६ मे
पुढे कोण: गिरणी कामगार
मोर्चा → गोळीबार (शंकर शिवदारे +)
लोक चिडले → ठाणी, कोर्ट → मार्शल लॉ
४ फाशी, येरवडा, १२ जाने. ३१
समासात: मार्शल लॉ म्हणजे? गिरणी कामगारच का?

तीसेक शब्द आणि चार-पाच बाण. चौघांची नावं यात नाहीत, कारण ती पुस्तकात छापलेली आहेत. वहीत ती परत लिहिण्यापेक्षा पुस्तकाचं पान घालायचं. बाण मात्र हवेत, कारण कशामुळे काय झालं हे तुमच्या बोलण्यात होतं आणि ऐकताना तेच निसटतं. सगळ्यात मोलाच्या आहेत समासातल्या ओळी. “गिरणी कामगारच का?” हा प्रश्न ज्या पानावर आला, त्या मुलानं धडा ऐकला असं समजायला हरकत नाही. १८७७ च्या जुन्या मिलपासून हे गाव गिरण्यांवर वाढलं. वर्गातल्या किती तरी मुलांचे आजे-पणजे गिरणीत कामाला होते. या एका प्रश्नावर तुम्ही दुसऱ्या दिवसाचा अर्धा तास शिकवू शकाल, आणि मुलं घरून काही तरी विचारून आलेली असतील.

असं पान मुलांना आयतं दाखवू नका, त्यांच्यासमोर तयार करा. एखाद्या मुलाला उभं करून पुस्तकातला परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही फळ्यावर टिपण घ्या आणि घेताना मनातलं मोठ्यानं बोला: “ही तारीख लिहिते. हे विशेषण सोडते. इथं ‘त्यामुळे’ आलं, म्हणून बाण काढते. हे मला नीट कळलं नाही, म्हणून समासात प्रश्न.” मुलांनी आजवर फळ्यावर फक्त तयार झालेलं, स्वच्छ लिहिलेलं बघितलंय. गाळणारं, खोडणारं, थबकणारं लिहिणं त्यांनी बघितलेलंच नाही. आठवड्यातून एकदा, सलग तीन-चार आठवडे हे करा. मला विचाराल तर या पत्रातल्या सगळ्या सूचनांत ही एक चुकवू नका.

सुरुवातीला फळ्यावर सांगाडाही द्या. धड्याची चार उपशीर्षकं, प्रत्येकाखाली दोन-तीन रिकाम्या ओळी, काही ठिकाणी अर्धं वाक्य: “मार्शल लॉ लावला, कारण...” मुलांनी तो वहीत उतरवायचा आणि ऐकून भरायचा. झेरॉक्सचा खर्च नको, फळा पुरतो. दोन-तीन आठवड्यांनी अर्धी वाक्यं काढून टाका, मग उपशीर्षकंही कमी करा, दिवाळीनंतर फक्त धड्याचं नाव. सांगाडा कायम देत राहिलात तर तेही लिहून देणंच झालं, एवढं सांभाळा.

आणि तुमच्या बोलण्याकडेही एकदा बघा. फोन टेबलावर ठेवून एक तास आवाज रेकॉर्ड करा, घरी निवांत ऐका. मुख्य मुद्दा आणि ओघात आलेली गोष्ट तुम्ही एकाच सुरात सांगता का? “याची तीन कारणं आहेत” म्हणून दोनच सांगून पुढं जाता का? पुष्कळ चांगल्या शिक्षकांचं हे होतं, कारण त्यांना विषय पाठ असतो. मुद्द्याआधी क्षणभर थांबणं, “पहिलं कारण” असं म्हणणं, “आता ही गोष्ट फक्त ऐका, लिहू नका” असं सांगणं. एवढ्यानं वर्गाला दिशा मिळते.

लिहिलेल्याचं काम कसं पाडायचं, यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. दोन गोष्टी करा. एक, दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला चार मिनिटं. वह्या बंद. कालच्या धड्यातलं आठवेल ते मागच्या पानावर लिहायचं, मग वही उघडून लाल पेनानं राहिलेलं स्वतः भरायचं. लाल पेन मुलाच्या हातात, तुमच्या नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात साधारण ५६ टक्के होतं, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात आणि “काल येत होतं” म्हणून रडतात, त्यामागं हेच आहे.

दोन, दर शनिवारी पाच गुणांची छोटी चाचणी, वही उघडी ठेवून. पुस्तक नाही, गाइड नाही, फक्त स्वतःच्या हातानं लिहिलेली वही. प्रश्न मात्र असे काढा की उत्तर जसंच्या तसं उतरवता येणार नाही: “सोलापुरात हरताळाचं लोण गिरण्यांत आधी का पोचलं असेल?” पहिल्या शनिवारी बरीच मुलं नुसती पानं उलटत बसतील. तिसऱ्या शनिवारपर्यंत वह्या बदललेल्या दिसतील, कारण ती चिठ्ठी आता दुकानात न्यायची आहे. हे गुण कुठल्या निकालात धरू नका, फक्त मुलांना कळू द्या.

समासाच्या वापराबद्दल थोडकं. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी पान तीन भागांत वाटायची रीत विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. उजवीकडे टिपण, डावीकडच्या पट्टीत प्रश्न आणि खुणेचे शब्द, तळाशी दोन ओळींत सार. आपल्या वहीला समास असतोच, त्यात प्रश्न लिहायला लावले की काम भागतं. रेघा मारण्यात तास घालवू नका.

भाषेचं मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण सोलापुरात हे टाळून चालत नाही. टिपणाची वही ही शुद्धलेखनाची वही नाही, हे मुलांना एकदा तोंडानं सांगा. एखाद्या मुलानं समासात “का?” ऐवजी “एंदुकु?” लिहिलं, कन्नड घरातल्या मुलीनं “याके?” लिहिलं, तर ते खोडू नका. उर्दू बोलणाऱ्या मुलाला एखादा शब्द त्याच्या घरचा सुचला तर देवनागरीत लिहू द्या. दोन मिनिटांत आठवून लिहिताना मूल मराठी शब्द शोधत बसलं तर मुद्दा हातातून जातो. उत्तर मराठीतच लिहायचं आहे, ते नंतर, शांतपणे. आधी टिपण, मग त्यावरून मराठीत पूर्ण वाक्यं. अशानं त्यांची मराठीही सुधारेल, कारण ती आता स्वतःची वाक्यं रचतील, तुमची उतरवणार नाहीत.

सावकाश लिहिणारी, अक्षरांशी झगडणारी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्याकडून ओळी मोजून घेऊ नका. बाण, चित्र, तीन शब्द चालतील. त्यांनी तोंडी सांगावं, शेजाऱ्यानं ऐकावं.

गैरहजर मुलांचं काय, हा प्रश्न तुमच्या पत्रात ओझरता आलाय, पण तो मोठा आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत वर्ग ओस पडतो. कुणाच्या घरी लग्न, कुणी मागावर वडिलांच्या हाताखाली, कुणाला आईच्या विड्यांचं काम संपवायचं असतं. अशा मुलाला मित्राच्या वहीचा फोटो पाठवला की तो फोनमध्येच राहतो. त्याऐवजी मित्रानं वहीवरून पाच मिनिटं समजावून सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं स्वतः टिपायचं, असा नियम करा. सांगणाऱ्यालाही आपल्या टिपणातली भोकं तिथंच दिसतात.

पालकांच्या ग्रुपवर चिडू नका. “नोट्स टाका” म्हणणाऱ्या आईला मुलाचं भलंच हवं असतं. बहुतेकांना शाळेचा दुसरा अनुभवच नाही, लिहून देणारे शिक्षक चांगले, एवढंच त्यांनी बघितलंय. तुम्ही ग्रुपवर उत्तरं टाकू नका, धडा संपल्यावर चार प्रश्न टाका. आणि पालकसभेत प्रत्येकाला एकच काम द्या: रोज संध्याकाळी मुलाला म्हणायचं, “आज इतिहासात काय झालं ते वहीत बघून मला सांग,” आणि मध्ये न बोलता ऐकायचं. ज्या आईला मराठी वाचता येत नाही तिलाही हे जमतं. विड्या वळता वळता ती ऐकू शकते, आणि पोरीनं तेलुगूत सांगितलं तरी उत्तमच. मराठीत ऐकलेलं आईला तेलुगूत सांगायचं म्हणजे समजल्याशिवाय सांगताच येणार नाही.

राहिले तुमचे ज्येष्ठ सर. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. ज्या मुलाकडे गाइड नाही, शिकवणी नाही, घरी विचारायला कुणी नाही, त्याच्यासाठी बाईंनी लिहून दिलेलं उत्तर हा मोठा आधार असतो. तो एकदम काढून घेतला तर सगळ्यात आधी तोच मुलगा पडतो, शिकवणीला जाणारा नाही. म्हणून काही गोष्टी लिहून द्याच. व्याख्या नेमक्या शब्दांत सांगा. धडा संपल्यावर एका प्रश्नाचं नमुना उत्तर द्या, मात्र मुलांनी स्वतःच्या टिपणावरून ते उत्तर आधी लिहून झाल्यावर. मग त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक बघायचा. एरवी तुमच्या उत्तराकडे ती इतकी बारकाईनं बघणार नाहीत.

“अभ्यासक्रम संपणार नाही” हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो हिशोबानं बघा. दीडशे शब्दांचं उत्तर मिनिटाला वीस शब्दांच्या वेगानं लिहून घ्यायला साडेसात मिनिटं लागतात. अशी दोन उत्तरं म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं, आणि त्यात “मॅडम, पुढचं सांगा”, “काय म्हणालात?” हे धरलेलंच नाही. मी सुचवलेलं थांबणं तीन वेळा मिळून सहा मिनिटं खातं, सुरुवातीची चार धरली तर दहा. वेळ उलट वाचतो. आणि दहावीच्या इतिहासाच्या पेपरात संकल्पनाचित्र पूर्ण करा, टीपा लिहा, विधानं सकारण स्पष्ट करा, असंच विचारतात. बाणांची वही लिहिणाऱ्या मुलाला हे प्रश्न ओळखीचे वाटतील. सरांशी वाद घालू नका. सहामाहीनंतर त्यांच्या आणि तुमच्या वर्गातल्या पाच-पाच मुलांना “सकारण स्पष्ट करा”चा एक प्रश्न न सांगता द्या आणि उत्तरपत्रिका दोघांनी मिळून वाचा. त्यात तुमची मुलं मागे पडलेली दिसली, तर कुठं पडली ते तुम्हाला कळेल, आणि तेही उपयोगाचंच आहे.

मुख्याध्यापकांना मात्र आधी भेटा, वह्यांची तपासणी व्हायच्या आत. पहिले दोन-तीन आठवडे वह्या वाईट दिसतील: खाडाखोड, अर्धी वाक्यं, लाल पेनाच्या भरण्या. त्यांना कल्पना नसेल तर पहिला शेरा तुमच्याच नावावर पडेल. सांगा की एका तुकडीत दिवाळीपर्यंत करून बघते. दोन्ही तुकड्यांत एकदम सुरू करू नका, तुमचीच दमछाक होईल. स्वच्छ वहीचा आग्रह असेल तर धड्याचं एक नमुना उत्तर वेगळ्या फेअर वहीत लिहून घ्या, ती तपासणीला द्या. टिपणांच्या वहीवर फक्त तारीख आणि सही करा, अक्षराबद्दल काही लिहू नका. शेरा लिहायचाच असेल तर समासातल्या एखाद्या प्रश्नाखाली त्याचं उत्तर लिहा, किंवा “हा प्रश्न उद्या वर्गात विचार” एवढं लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला खरंच विचारायला लावा.